रिकाम्या टोपलीचे गुण

हरिश्चंद्र मांजरेकराचं घड्याळ कधी मागे पडलं नाही आणि त्याच्या वहीत कधी खाडाखोड झाली नाही. या दोन गोष्टींचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही होता. रेवबंदरच्या नगरपालिकेत आरोग्य खात्याचा तो एकुलता एक कारकून. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी वसलेलं ते गाव. एक पेठ, एक मासळीबाजार आणि चार वाड्या. पण एवढ्याशा गावात कुठल्या गटारात किती पाणी तुंबलंय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी हरिश्चंद्र सांगायचा.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर जिल्ह्याहून कागद आला. घरोघरचा कचरा उचलण्याची सोय कशी चालते, वेळ कुठे वाया जातो, नागरिक कितपत साथ देतात, याची पाहणी करून अहवाल पाठवावा, असं त्यात होतं. अध्यक्षांनी तो कागद हरिश्चंद्रापुढे सरकवला. कचऱ्याची गाडी कुठे थांबवायची आणि कुठला थांबा काढून टाकायचा, हे आता त्याच्या वहीवर ठरणार होतं.

रेवबंदरात तेव्हा प्रत्येक घराला दोन टोपल्या दिलेल्या होत्या. एक साधी, कुजणाऱ्या कचऱ्यासाठी. दुसरीला डांबराचा पट्टा, तीत बाटल्या, डबे, शिंपल्या, फुटकी कौलं टाकायची. शिंपल्या चुन्याच्या भट्टीवर जायच्या, बाटल्या भंगारवाल्याकडे, आणि कुजणारा सगळा माल खाडीकाठच्या खड्ड्यांत. त्याचं खत झालं की आंब्याचे बागायतदार ते घेऊन जायचे. हे सारं ओढायचं काम लवूचं. गावाबाहेरच्या वाडीत राहणारा, पन्नाशी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याची एकबैली गाडी आणि पवळ्या नावाचा बैल, ही नगरपालिकेची अख्खी सफाईची फौज.

पंधरा दिवस हरिश्चंद्र त्या गाडीमागून चालला. नाकाला रुमाल, हातात वही, मनगटावर घड्याळ. कुठल्या दारात किती मिनिटं गेली, किती टोपल्या निघाल्या, कुजणारं आणि न कुजणारं वेगळं होतं की कालवलेलं, सगळं टिपलं. गुण द्यायची पद्धत त्यानं स्वतःच ठरवली होती. कचरा जितका कमी तितके गुण जास्त, वीसपैकी. पेठेतल्या खानावळीला तीन मिळाले, तेव्हा मालक तिथेच त्याच्या अंगावर आला. हरिश्चंद्र जागचा हलला नाही.

दांडावाडीतलं शेवटचं घर आनंदीबाईंचं. आनंदीबाई म्हणजे हरिश्चंद्राची सख्खी मावशी. लहानपणी तो शिकायला या गावात आला, तो तिच्याच घरी. चार वर्षं तिच्या हातचं जेवला. तिचा नवरा गलबतावर तांडेल होता, तो एका पावसाळ्यात समुद्रातून परतलाच नाही. मुलगा शंकर मुंबईला गोदीत. तो सगळं वेळच्या वेळी पाठवतो, असं मावशी सांगायची आणि गाव ते ऐकायचं. पोस्टमन त्या गल्लीत किती दिवसांत वळला नाही, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं.

तिच्या दोन्ही टोपल्या आवाराभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर रोज पालथ्या घातलेल्या असायच्या, धुऊन पुसून स्वच्छ. आत काहीच नाही. तरी लवू तिथे गाडी उभी करायचा. बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी जाऊन, बाहेरूनच हाक द्यायचा.

"आये, चूल पेटली काय गो?"

"पेटली रे बाबा, पेटली," आतून उत्तर यायचं. आणि खरंच कौलांतून धूर निघत असायचा.

मग लवू गडग्याच्या मागच्या बाजूला जायचा, जरा वेळानं परतायचा. एकूण सात मिनिटं. बाकीच्या दारांत दीड मिनिट, आणि या रिकाम्या दारात सात! हरिश्चंद्र हे सगळं चार घरं अलीकडून, माडाच्या बुंध्याशी उभा राहून टिपत होता. जवळ जायचं तो मुद्दाम टाळत होता. मावशीनं बघितलं तर चहाला बोलावील, वेळ जाईल, आणि पाहणी करणारा माणूस नात्यागोत्यात अडकला असं कुणी म्हणायला नको. वहीत त्यानं लिहिलं : विनाकारण थांबा, सात मिनिटं. पुढे कारणाचा रकाना होता. गडग्याआड माणूस आणखी कशाला जाणार? त्यानं लिहिलं, विडी.

पंधरा दिवसांत आनंदीबाईंच्या घरून टोपलीभरही कचरा निघाला नाही. वीसपैकी वीस. अख्ख्या गावात असे गुण दुसऱ्या कुणाला नाहीत. बेरीज करताना हरिश्चंद्राला मनातून बरं वाटलं. आपण नात्याकडे न बघता निव्वळ आकडे लिहिले, आणि आकड्यांनीच मावशीला पहिलं आणलं.

अहवालात त्यानं तीन शिफारशी केल्या. ज्या घरातून कचरा निघत नाही, तिथे गाडी थांबवू नये. लवूला शिस्तीसाठी मासळीबाजारात टाकावं, तिथे दिवसभर मुकादमाचा डोळा राहतो. दांडावाडीसकट घरोघरची फेरी हातगाडीवरच्या नव्या माणसाला द्यावी. अध्यक्षांनी मान डोलावली आणि आपल्या पदरची एक भर घातली. सगळ्यात स्वच्छ घराला सव्वीस जानेवारीला मानपत्र द्यायचं.

हुकूम नव्या वर्षापासून लागू होणार होता. डिसेंबर सरता सरता लवू कचेरीत आला आणि पायरीच्या खालीच उभा राहिला.

"साहेब, माका बाजारात टाकलास तर टाका. मी नाय म्हणूचंय नाय. पण आनंदीबायच्या दारातलो थांबो काढू नका."

"का? तिथे कचरा कुठे असतो?"

"कचरो नसता म्हणानच सांगतंय. म्हातारी एकटी आसा."

"लवू, ती माझी मावशी आहे," हरिश्चंद्र कचेरीच्या शुद्ध भाषेत म्हणाला. "तिला काय हवं नको ते शंकर बघतो. तू विडी ओढायला थांबतोस, ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

लवू खाली बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "साहेब, तुमी हल्ली मावशीकडे कधी जेवलास?"

हरिश्चंद्राला राग आला. आपल्या घरचं जेवणखाण या माणसानं का विचारावं! "आपल्या कामापुरतं बोल," तो म्हणाला, आणि वहीत डोकं घातलं. मान वर केली तेव्हा पायरीखाली कुणी नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर त्यानं मनातल्या मनात तरी दिलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. चतुर्थीला तो मावशीकडे गेला होता. तिनं चहा दिला होता, बिनदुधाचा. जेवायला थांब असं ती म्हणाली नव्हती, आणि जी बाई पूर्वी दारात आलेल्या परक्यालाही उपाशी जाऊ देत नसे, ती असं का वागली, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर काचेच्या चौकटीत बसवलेलं मानपत्र. मजकूर हरिश्चंद्राचा, अक्षरही त्याचंच, वळणदार. अध्यक्षांनी आनंदीबाईंचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. पण कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं, तरी नाही.

"तुमचीच मावशी ना? तुम्हीच घेऊन जा," अध्यक्ष हसत म्हणाले, आणि चौकट त्याच्या हातात दिली.

दुपारच्या उन्हात हरिश्चंद्र दांडावाडीत शिरला. चौकट काखेत होती आणि तो खुशीत होता. मावशीला काय म्हणायचं, हे वाटेत जुळवत होता. घराशी येऊन त्यानं सवयीनं वर बघितलं. कौलांतून धूर नव्हता. गडग्यावर दोन्ही टोपल्या पालथ्या होत्या, आणि त्यांच्यावर धूळ बसली होती.

आनंदीबाई पडवीत चटईवर पडल्या होत्या. इतक्या बारीक झाल्या होत्या की आधी त्याला नुसतं लुगडंच दिसलं.

"कोण? हरी?" त्या हातावर जोर देऊन उठायला बघू लागल्या. "इलंस? बस हां. चाय टाकतंय."

"नको, मावशे. तू उठा नको. पाणी मीच घेतंय."

तो स्वयंपाकघरात गेला. तिथे किती वर्षांत गेला नव्हता! फळीवर पितळेची भांडी ओळीनं लावलेली, राखेनं घासून लख्ख केलेली. तांदळाचा डबा उघडला, रिकामा. डाळीचा रिकामा. नारळ नाही, मीठ होतं. चुलीत नुसत्या जळलेल्या चुडताची, माडाच्या सुक्या झावळीची राख, तीही थंड. आणि कोनाड्यात सुकलेले भोपळ्याचे देठ नीट रचून ठेवलेले. मोजायची सवय सुटत नाही. त्यानं ते मोजले. अकरा होते.

पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून तो बाहेर आला.

"मावशे, ह्या काय?"

 लपवण्यासारखं काही उरलंच नाही असं बघून आनंदीबाई बोलू लागल्या, तेही आढ्याकडे बघत.

"शंकराचा पत्र येवन तीन वर्षां झाली. खंय आसा, जितो आसा काय, देव जाणे. सकाळी एक चुडत पेटवीत होतंय. धूर दिसलो म्हणजे लोक विचारीत नाय. लवूक तेवडा कळला. कसा कळला माहीत आसा? म्हणता, आये, धूर दिसता पण टोपलेत खवल्या नाय, साल नाय, करवंटी नाय. म्हणजे शिजता काय तुझ्याकडे?"

हरिश्चंद्र खाली बसला.

"खताच्या खड्ड्यार भोपळे होतत, पपये होतत. घाणीतले म्हणान गावातलो कोण खाणा नाय. ते तो गडग्यामागे आणून ठेवी, आनी वांगडा मूठभर तांदळाचे कणये. मी सालीसकट शिजय, बियो भाजून खाय. टाकूचा काय? पण मीच तेका शपथ घातलंय, कोणाक सांगलंस तर माझा मेलेला तोंड बघशीत. बिचारो गप ऱ्हवलो."

"आनी आता?"

"आता तो येवक नाय. नवो माणूस इलो, तो थांबता खंय! लवू एकदा सांजवेळी चलत इल्लो, हातात भोपळो घेवन. गाडी नाय बरोबर म्हणान लोकांका चोर वाटलो. शेजाऱ्यांनी हाकलून घातल्यानी. मी आतसून ऐकलंय. पण भायर येवन सांगूचा काय, तो माका भोपळो देता म्हणान?"

गाडी बरोबर असली की लवू त्या गल्लीत कुणाला खुपत नव्हता. गाडी नसली की तो परका होता. आणि त्याची गाडी काढून घेतली होती हरिश्चंद्राच्या वहीनं. विडी! कारणाच्या रकान्यातला हा शब्द त्याच्याच अक्षरात होता.

"माका कित्याक सांगूक नाय? मी मेललंय?" तो रडत होता आणि त्याला त्याची शरम वाटत नव्हती.

"तू माझ्या पानार जेवान मोठो झालंस," आनंदीबाई म्हणाल्या. "तुझ्यासमोर हात पसरू?"

मग त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या चौकटीवर गेली. "तो कागद कसलो?"

"काय नाय."

"काय नाय कसो? काच आसा. माझा नाव आसा थंय, माका तेवडा वाचूक येता. वाच."

"नको मावशे."

"वाच म्हणतंय ना!"

हरिश्चंद्रानं आपल्याच वळणदार अक्षरातला आपलाच मजकूर वाचला. "पाहणीच्या पंधरा दिवसांत या घरातून टोपलीभरही कचरा निघाला नाही. असे घर चालविणाऱ्या श्रीमती आनंदीबाई यांचा आदर्श सर्व नागरिकांनी डोळ्यांपुढे ठेवावा."

आनंदीबाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"खरा आसा ता," त्या म्हणाल्या. "भिंतीक लाव."

आणि त्यानं लावलं. त्यांच्या शब्दाबाहेर जायचा धीर त्याला झाला नाही.

त्या दुपारपासून हरिश्चंद्राची बायको सावित्री तांदूळ-मासळी घेऊन सकाळ-संध्याकाळ दांडावाडीत येऊन चूल पेटवू लागली. आमच्याकडे चला, असं दोघांनी परोपरीनं विनवलं. आनंदीबाईंनी घर सोडलं नाही. डॉक्टर आले, नाडी बघून बाहेर गेले, आणि अंगात काही उरलेलं नाही असं हलक्या आवाजात सांगून गेले.

हरिश्चंद्र मासळीबाजारात गेला. लवू पाट्या धूत होता. मुकादमासमोर, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हरिश्चंद्र म्हणाला, "लवू, चुकी माझी झाली. उद्यापासून तुझी गाडी दांडावाडीत आण." हुकूम बदलायला अध्यक्ष तयार नव्हते. अहवाल जिल्ह्याला गेला होता आणि तिथून त्याची वाखाणणी आली होती. हरिश्चंद्रानं त्यांना सांगितलं की मग माझ्यावर कारवाई करा. कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्या दारात थांबली. टोपली सुलटी होती. आत मोसंब्याची सालं, पेजेचं खरकटं, माशाचे चार काटे. लवू वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं हाक दिली, "आये, चूल पेटली काय गो?"

"पेटली रे बाबा," आतून अगदी बारीक आवाज आला. या खेपेला चुलीवर खरंच पेज शिजत होती.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पहाटे आनंदीबाई गेल्या. मुलाचा पत्ता नव्हता, म्हणून अग्नी हरिश्चंद्रानं दिला. लवू स्मशानाच्या कडेला, माणसांपासून दूर उभा होता. हरिश्चंद्रानं त्याला हातानं जवळ बोलावलं, तेव्हा दोघा-तिघांनी नाकं मुरडली. लवू आला नाही, पण शेवटपर्यंत तिथून हललाही नाही.

तेरावा झाल्यावर घर आवरायला काढलं. चटई, गोधडी, फाटकी लुगडी, रिकाम्या औषधाच्या बाटल्या. त्या घरातून कचऱ्याची गाडी भरून निघण्याची ही पहिलीच वेळ. हरिश्चंद्र स्वतः टोपल्या उचलून गाडीवर ओतत होता. शेवटी भिंतीवरची चौकट उरली. ती त्यानं काढून बाहेर आणली.

लवूनं ती हातात घेतली, उलटसुलट बघितली. त्याला वाचता येत नव्हतं.

"ह्यो कागद खंयच्या टोपलेत, साहेब?"

हरिश्चंद्रानं चौकट गडग्यावर आपटून फोडली. काच गोळा करून डांबराच्या पट्ट्याच्या टोपलीत टाकली. कागद घडी न घालता लवूच्या हाती दिला.

"ह्यो कुजणाऱ्यात. भोपळ्याच्या बुडाक घाल."

"घालतंय," लवू म्हणाला. "पण शाई घट्ट आसा, साहेब. कुजूक येळ लागतलो."

गाडी परत वळली. हरिश्चंद्र वही न घेता मागून चालू लागला. त्याच गल्लीत सुगंधा नावाच्या एका विधवेचं घर होतं. तिची टोपली त्या दिवशी रिकामी होती. लवू थांबायच्या आतच हरिश्चंद्र तिच्या बेड्याशी गेला आणि त्यानं हाक दिली, "सुगंधा, चूल पेटली काय गो?"

"पेटली. आत्ताच भात उतरवलंय," ती हात पुसत दारात आली आणि त्याच्याकडे नवलानं बघू लागली. "पण तुमी कित्याक विचारतास, हरीभाऊ?"

"टोपली रिकामी दिसली म्हणान," हरिश्चंद्र म्हणाला.